ओवी, ढोल आणि पडदा

मिरजेहून पंढरपूरच्या दिशेने जाताना लागणारे कवठे महांकाळ हे सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. परिसर पर्जन्यछायेचा. म्हैसाळ योजनेचे पाणी पोहोचल्यावर येथे द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड उभी राहिली. त्याआधी या माळाची ओळख मेंढरांची आणि मेंढपाळांची होती. याच तालुक्यात आरेवाडीचे बिरोबाचे बन आहे. यात्रेच्या दिवसांत तेथे ढोल-कैताळांचा गजर होतो, भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो आणि धनगरी ओवी रात्र रात्र चालते. या कलेने कधी तिकीट लावले नाही, पडदा पाडला नाही, ध्वनिक्षेपकाची वाट पाहिली नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र गजनृत्य आणि ओवी मंचावर आली आहेत. लोककला महोत्सव, संस्थांचे वर्धापनदिन, गणेशोत्सव, शाळा-महाविद्यालयांची संमेलने अशा निमित्तांनी त्यांना आमंत्रण मिळते. मंच आला, पाठोपाठ कॅमेरे आले आणि मंचाच्या दोन्ही अंगांना भव्य प्रकाशमान पडदेही आले. पंचकल्याणक महोत्सवाच्या मंडपात बसलेल्या आपल्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. मागच्या रांगेतील वृद्धांना पुढचा विधी पडद्यावर स्पष्ट दिसतो, ही केवढी सोय! परंतु कलेच्या कार्यक्रमात हा पडदा नेमका कोणाच्या सेवेत असतो, हा प्रश्न विचारला जात नाही. प्रेक्षकाच्या, कलावंताच्या, की प्रायोजकाच्या? या प्रश्नाच्या उत्तरावर कार्यक्रमाची प्रत अवलंबून असते, आणि त्याहूनही अधिक म्हणजे, त्या रात्रीचे मागे काय उरणार हेही अवलंबून असते.

चित्र, दिवा आणि गाणे

पडदा ही आधुनिक काळाने परंपरेवर लादलेली परकी वस्तू आहे, असा एक समज असतो. महाराष्ट्राचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी जपली. एकेक चित्र समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीने त्याची कथा गाऊन सांगायची, अशी ही रीत. त्याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. छायाखेळात मागे दिवा, मध्ये पडदा आणि पुढे प्रेक्षक अशी रचना असते. प्रक्षेपणाचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. या परंपरेचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना तिची प्रथमच माहिती झाली.

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. रामायणातील प्रसंगांची त्यांनी चित्रमाला रंगविली आणि त्याच रामकथेवर ते कीर्तनही करीत. चित्र आणि कथन एकाच माणसाच्या हाती असणे म्हणजे काय, याचे औंध हे जवळचे उदाहरण होय.

यंत्राच्या साहाय्याने हे सारे प्रथम एकत्र आणले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. १८९२ साली त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने आपले प्रयोग सुरू केले. काचेवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात भिंगातून पडद्यावर पाडायची, एकापुढे एक काचा सरकवून त्यांत हालचालीचा भास निर्माण करायचा आणि त्याबरोबर निवेदन व गायन करायचे, असा हा खेळ होता. रामायण-महाभारतातील कथा त्यात असत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे पटवर्धनांचा पडदा त्याआधी चार वर्षे उजळला होता. पटवर्धनांच्या मुलांनी हा व्यवसाय पुढे चालविला आणि गावोगावी खेळ केले.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चित्र कथनाच्या पाठोपाठ चालत असे. निवेदक एखाद्या प्रसंगावर रेंगाळला तर चित्रही थांबे; श्रोत्यांनी दाद दिली तर पुढची काच घाईने सरकविली जात नसे. पडदा हा तबलजी किंवा पेटीवाल्यासारखा साथीदार होता. आजच्या अनेक कार्यक्रमांत हे नाते उलटे झालेले दिसते. आधीच तयार करून ठेवलेली रंगीबेरंगी चित्रफीत पार्श्वभूमीवर सुरू असते आणि जिवंत कलावंत तिच्या वेळेशी जुळवून घेत धावत असतो.

पडद्याची गरज का निर्माण झाली

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा प्रेक्षकवर्ग संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या दरबाराशी निगडित आणि मर्यादित होता. नटाचा चेहरा प्रत्येकाला दिसत होता. मिरजेला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्या काळच्या बैठकीत श्रोता आणि गायक यांच्यामध्ये फार तर काही हातांचे अंतर असे. १९३७ साली खाँसाहेब निवर्तले, आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची समाधी आहे. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तेथे आजही बैठकीचे वळण जाणवते.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून सुरू झालेल्या महोत्सवाने हे परिमाण बदलून टाकले. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंसाठी उभा केलेला हा उत्सव वाढत वाढत हजारो श्रोत्यांचा झाला. एवढ्या मोठ्या मंडपात शेवटच्या रांगेतील श्रोत्याला गायकाची आकृती बोटाएवढी दिसते. त्यामुळे तेथे मंचाच्या बाजूला मोठे पडदे आले आणि श्रोत्यांनी ते स्वीकारले. तबलजीची बोटे, सतारीच्या तारेवरील मींड, गायकाने साथीदाराकडे टाकलेला एक कटाक्ष, हे सारे त्या पडद्यामुळे दूरवर पोहोचते. पुढच्या रांगेतील महागड्या खुर्चीवर बसणाऱ्यालाच जे मिळत होते, ते मागे भारतीय बैठकीवर बसणाऱ्यालाही मिळू लागले. पडद्याच्या बाजूने इतके मोठे समर्थन दुसरे नाही.

गजनृत्याला पुढची बाजू नसते

शास्त्रीय गायक एका जागी बसतो. त्याच्यासमोर कॅमेरा लावणे सोपे असते. कवठे महांकाळच्या परिसरातील कलांचे तसे नाही. गजनृत्यात मध्ये ढोल असतात आणि भोवती गडी रिंगण धरतात. पांढरी वस्त्रे, डोईला फेटा, हातात रंगीत रुमाल. ढोलाच्या ठेक्यावर पावले पडतात, रिंगण फिरते, कधी आत येते, कधी फाकते. पाहणारेही चारी बाजूंनी उभे असतात. रिंगणाला पुढचा आणि मागचा भाग नसतो. हे नृत्य तीन बाजूंनी बंद असलेल्या मंचावर आणले की अर्ध्या कलावंतांची पाठ प्रेक्षकांकडे होते. मग संयोजक त्यांना एका रांगेत उभे करतात, आणि रिंगणाचा जीवच जातो.

पडद्याचा विचारपूर्वक उपयोग केला तर ही कोंडी सुटू शकते. रिंगण मैदानातच भरवावे आणि एक कॅमेरा उंचावर, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर किंवा भक्कम मचाणावर स्थिर ठेवावा. रिंगण फिरताना वरून त्याची जी आकृती दिसते, ती प्रेक्षकांपैकी कोणीही आजवर पाहिलेली नसते. दुसरा कॅमेरा ढोलवाल्याच्या हातांवर असावा. तिसरा रिंगणाच्या बाहेरून, गड्यांच्या पावलांच्या आणि चेहऱ्यांच्या उंचीवर असावा. या तीन दृष्टी पुरेशा आहेत. ड्रोनचा मोह अनेकांना होतो. परंतु त्याची घरघर ओवीच्या सुरावर बसते आणि गर्दीवरून तो उडविणे धोक्याचेही आहे.

धनगरी ओवीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात गायन आणि गद्य निवेदन यांची आलटून पालटून गुंफण असते. गायलेला भाग गद्यात उलगडला जातो आणि कथा पुढे सरकते. तिचे सारे सामर्थ्य शब्दांत आहे. पण आजच्या शहरी श्रोत्याला त्यातील अनेक शब्द कळत नाहीत. तालुक्यातीलच नव्या पिढीलाही कळत नाहीत. येथे पडद्यावर ओवीचे शब्द अक्षरांत दाखविणे उपकारक ठरते. मात्र त्यासाठी गायकाबरोबर आधी बसून संहिता उतरवून घ्यावी लागते. ओवी गाणारा दर वेळी तेच शब्द त्याच क्रमाने गाईल असे नाही, म्हणून अक्षरपट्टी सोडणारी व्यक्ती कथा जाणणारी असावी. ती नसेल तर प्रत्येक प्रसंगापूर्वी दोन ओळींचा कथासार दाखवून पडदा मोकळा सोडणे बरे. चुकीचे शब्द मोठ्या अक्षरांत दाखविण्यापेक्षा न दाखविलेले पत्करले.

ध्वनी, प्रकाश आणि अंतर

पडदा उभारताना होणाऱ्या बहुतेक चुका साध्या गणिताने टळतात. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. म्हणजे मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्या श्रोत्याला ढोलाचा आवाज सेकंदाच्या एक दशांश भागाने उशिरा ऐकू येतो. दुसरीकडे, कॅमेऱ्याचे चित्र मिक्सरमधून पडद्यापर्यंत जाण्यासही काही वेळ लागतो. आपल्याकडे चित्रण बहुधा सेकंदाला २५ चौकटींनी होते. एक चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. चित्र दोन-तीन चौकटींनी मागे पडले तर हा उशीर सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपास जातो. मागच्या श्रोत्याच्या बाबतीत दोन्ही उशीर एकमेकांना सावरून घेतात. त्याला टिपरू ढोलावर पडताना आणि आवाज येताना एकच वाटते. पण तोच पडदा पुढच्या रांगेच्या डोळ्यांसमोर असेल तर आवाज आधी आणि टिपरू नंतर, असे विचित्र दृश्य दिसते. म्हणून पडदे मागच्या प्रेक्षकांसाठी, मंडपाच्या मध्यावर किंवा कडेला असावेत. पुढच्यांनी कलावंताकडेच पाहावे.

प्रोजेक्टर घ्यावा की एलईडी वॉल, हा दुसरा प्रश्न. प्रोजेक्टरची शक्ती ल्युमेनमध्ये मोजतात. पाच हजार ल्युमेनच्या प्रोजेक्टरने चार मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच, म्हणजे नऊ चौरस मीटरचा पडदा भरला, तर प्रत्येक चौरस मीटरला साधारण साडेपाचशे ल्युमेन येतात. काळोखात हे पुरेसे आहे. उन्हात मात्र हाच आकडा एक लाखापर्यंत जात असल्याने दिवस मावळण्यापूर्वी प्रोजेक्टरचे चित्र दिसतच नाही. सायंकाळी सहाला सुरू होणारा कार्यक्रम असेल तर एलईडी वॉल घ्यावी लागते. तिच्यावरील दिव्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. पी-३, पी-४, पी-६ ही नावे त्यावरूनच पडली. ढोबळ नियम असा की, जितके मिलिमीटर तितके मीटर दूर बसले म्हणजे ठिपके वेगळे दिसत नाहीत. मैदानात मागे बसणाऱ्यांसाठी पी-६ चालते; छोट्या सभागृहात ती डोळ्यांना खुपते.

एलईडी वॉलचा दोष तिच्या गुणातच आहे. ती फार प्रखर असते. ती कलावंताच्या पाठीमागे पूर्ण तेजाने लावली की कलावंत काळी आकृती होऊन जातो आणि कॅमेऱ्यालाही त्याचा चेहरा दिसत नाही. रात्रीच्या कार्यक्रमात तिचे तेज निम्म्याहून बरेच खाली आणावे, आणि शक्यतो ती पाठीमागे लावूच नये. विजेच्या दिव्यांची थरथर चित्रात उतरू नये म्हणून कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवावे, कारण आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे.

या भागाच्या म्हणून काही खास अडचणीही आहेत. माळावर सायंकाळी वारा सुटतो. कापडी पडदा तेव्हा शिडासारखा फुगतो आणि त्याचा सांगाडा ओढतो. एलईडी वॉलच्या ट्रसला पुरेसे वजन आणि ताण नसतील तर खाली बसलेल्यांच्या जिवाशी खेळ होतो. भंडारा उधळला की त्याची बारीक पूड भिंगावर बसते, प्रोजेक्टरच्या पंख्यातून आत जाते. कॅमेऱ्यांना आवरण आणि प्रोजेक्टरला अंतर हवे. भंडारा उधळू नका असे कलावंतांना सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वीज गेली तर पडदा काही क्षण काळा पडलेला चालेल. परंतु चित्रमुद्रण करणारे यंत्र बंद पडता कामा नये. त्याला जनरेटरखेरीज यूपीएसचा आधार द्यावा.

जाणकार डोळा

तालुक्याच्या ठिकाणी हे काम करणारे तरुण बहुधा लग्नसमारंभांचे चित्रण करणारे असतात. त्यांच्याकडे कॅमेरे चांगले असतात, हातही सरावलेला असतो. लग्नात मात्र वधू-वर कोठे पाहतील, कोण कधी येईल हे त्यांना ठाऊक असते. ओवीत ढोल केव्हा थांबणार, सूर केव्हा चढणार, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग ऐन चढत्या ठेक्यावर पडद्यावर पाहुण्यांचे चेहरे दिसतात, आणि ढोल थांबल्यावर कॅमेरा ढोलावर येतो.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. मिक्सरवर बसणाऱ्याच्या शेजारी त्या कलेतला एक जाणता माणूस बसवावा. तोही गजमंडळातीलच वयाने निवृत्त झालेला गडी असला तर उत्तम. “आता ढोल,” “आता पावले,” “आता काही दाखवू नका” एवढे त्याने सांगितले तरी चित्र बदलते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक तालीम कॅमेऱ्यांसह व्हावी. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या बंधूंचा ‘जहरी प्याला’ ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की हशा शब्दावर पिकत असे तितकाच एकाने दुसऱ्याकडे पाहण्याच्या ढंगावर पिकत असे. अशा वेळी दोघे एका चौकटीत असावे लागतात. कॅमेरा एकाच्याच चेहऱ्यावर गेला तर विनोद मरतो. हे यंत्राला कळत नाही. ज्याने तमाशा पाहिला आहे त्याला कळते.

दुसऱ्या दिवशी काय उरते

कार्यक्रम संपतो. ट्रस उतरतो, खुर्च्या ट्रकमध्ये चढतात. त्या रात्री तीन कॅमेऱ्यांनी तीन तास जे टिपले, त्याचे पुढे काय होते? बहुतेक ठिकाणी उत्तर असे की, चार मिनिटांची चटपटीत चित्रफीत मोबाइलवर फिरते आणि मूळ चित्रण, पुढच्या लग्नासाठी कार्ड रिकामे करताना, पुसले जाते.

ही हानी किती मोठी आहे, हे समजण्यासाठी एका परदेशी अभ्यासकाचे उदाहरण पुरेसे आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी महाराष्ट्रातील धनगरांबरोबर वर्षानुवर्षे हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांचा अभ्यास केला आणि धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या निधनानंतर दोन दशके लोटल्यावर, २०१४ साली, ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ ओवीकथा इंग्रजी ग्रंथरूपाने जगापुढे आणल्या. ध्वनिफिती जपल्या गेल्या म्हणून हे घडले. मौखिक परंपरेत एक वृद्ध गायक गेला की त्याच्याबरोबर त्याची संपूर्ण पोथी जाते. तिची दुसरी प्रत नसते.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीतही हेच झाले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या पोहोचल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. संग्रह झाला नसता तर त्या ओव्याही गेल्या असत्या. या संग्रहाचा एक विशेष अनुकरणीय आहे. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. आपल्या कार्यक्रमांच्या चित्रफितीत संयोजकाचे नाव असते, प्रायोजकाचे असते, चित्रीकरण करणाऱ्याचे तर मोबाइल क्रमांकासह असते. ढोल वाजविणाऱ्याचे नसते.

जतनाचा खर्च किती, याचाही हिशेब मांडून पाहावा. चांगल्या प्रतीचे चित्रण सेकंदाला ५० मेगाबिट या दराने साठविले तर एका तासाला साडेबावीस गिगाबाइट जागा लागते. तीन कॅमेरे, तीन तास म्हणजे सुमारे २०३ गिगाबाइट. एक टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कवर असे चार कार्यक्रम आरामात मावतात. दोन डिस्क घ्याव्यात, एक संस्थेच्या कपाटात आणि दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. दर वर्षी एकदा त्या उघडून पाहाव्यात आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. एलईडी वॉलच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे हा खर्च नगण्य आहे. तरीही अंदाजपत्रकात भाड्याचा रकाना असतो, जतनाचा नसतो.

कलावंताचा हक्क

चित्रण जपायचे म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न येतो, आणि येथे कायदा स्पष्ट आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क प्रथमच मान्य करण्यात आले. सादरकर्ता कोण, याची कायद्यातील व्याख्या मोठी उदार आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, हातचलाखी करणारा, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांचाही तीत नामनिर्देश आहे. मग ओवी गाणारा मेंढपाळ आणि ढोल वाजविणारा गडी तीत येतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या सादरीकरणाचे ध्वनी वा चित्रमुद्रण करू द्यावे की नाही, त्याच्या प्रती काढाव्यात की नाही, ते लोकांपर्यंत प्रसारित व्हावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सादरकर्त्याचा आहे. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. सादरकर्ता म्हणून आपले नाव लागावे आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड होऊ नये, असा आग्रह धरण्याचा नैतिक हक्क त्याला मिळाला. सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाला तर स्वामित्वधनाचीही तरतूद झाली.

व्यवहारात याचा अर्थ असा की, तीन गोष्टींची संमती वेगवेगळी घ्यावी. त्याच वेळी मैदानातील पडद्यावर दाखविणे ही पहिली. चित्रण साठविणे ही दुसरी. ते यूट्यूबसारख्या माध्यमावर टाकणे ही तिसरी. साध्या मराठीत एका पानाचा कागद करावा, तो वाचून दाखवावा, त्यावर मंडळातील प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करण्याची सवय लागलेल्या समाजात हा वाचून दाखविण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. काही ओव्या देवापुढेच गायच्या असतात. त्या चित्रित करू नका असे गायकाने म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा.

जमाखर्चाचे एक पान

कोणत्याही संस्थेची मूल्ये तिच्या भाषणांपेक्षा तिच्या खर्चाच्या पानावर लवकर दिसतात. लोककलेच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक हाती आले तर त्यात मंडप, ध्वनी, प्रकाश, पडदा, पाहुण्यांचा सत्कार, भोजन असे रकाने ठळक आढळतात. कलावंतांची बिदागी शेवटी, आणि पुष्कळदा पूर्ण मंडळाला मिळून एकच आकडा. पडद्याचे भाडे वीस-बावीस गड्यांच्या एकत्रित बिदागीहून अधिक असेल, तर तो पडदा कितीही तेजस्वी असला तरी त्यावर दाखविण्याजोगे काही फार काळ उरणार नाही. ज्याला गजात पोटाला मिळत नाही त्याचा मुलगा ढोल खांद्यावर घेणार नाही.

म्हणून संयोजकांनी अंदाजपत्रक करताना क्रम बदलावा. प्रथम बिदागी, प्रवास आणि भोजन निश्चित करावे. त्यानंतर जतनाची तरतूद काढून ठेवावी. मग ध्वनी, कारण ओवी ऐकण्यासाठी आहे. उरलेल्या रकमेत जेवढा पडदा येईल तेवढा घ्यावा. रक्कम पुरली नाही तर पडदा छोटा घ्यावा किंवा घेऊच नये. मैदान लहान निवडावे आणि लोकांना रिंगणाच्या जवळ बसवावे. पाचशे प्रेक्षकांच्या कार्यक्रमाला पडदा लागत नाही. पाच हजारांच्या कार्यक्रमाला लागतो, आणि तेथे तो आवर्जून असावा.

कवठे महांकाळ, जत, आटपाडी, खानापूर या पट्ट्यात ओवी पाठ असणारे वृद्ध आज हयात आहेत. तालुक्यात चांगले कॅमेरे आहेत, ते चालविणारे तरुण आहेत, महाविद्यालये आहेत, आणि महोत्सवांना देणग्या देणारे दातेही आहेत. यांतील कोणतीही गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही. पुढच्या कार्यक्रमाची बैठक भरेल तेव्हा पडदा किती फुटांचा घ्यायचा या चर्चेआधी चित्रण कोठे ठेवायचे आणि त्यावर कोणाची नावे घालायची, एवढे दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत. पन्नास वर्षांनी कोणी ती डिस्क उघडेल तेव्हा त्याला ढोलाचा आवाज ऐकू यावा, आणि तो कोणी वाजविला हेही वाचता यावे.